नरखेडचा ड

"मॅडम, काटा पुन्हा अटकून राह्यला जी. जलालखेड्याची गाडी आली का अटकतेच."

मार्चमधला सोमवार, सकाळचे साडेनऊ. मी नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कबाहेर तर्री-पोह्याची प्लेट घेऊन उभी होते. "काका, गाडी कुठल्या गावची आहे हे काट्याला काय कळतंय? सिरीअल केबल काढून पुन्हा लावा," एवढं बोलून मी फोन ठेवला आणि पोह्यांवर आणखी थोडी तर्री मागितली.

आमची कंपनी लहान. धर्मकाट्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. गाडी काट्यावर चढते, खालचे लोड सेल वजन मोजतात, इंडिकेटर नावाचा डबा तो आकडा लाल दिव्यांत दाखवतो आणि केबलमधून कॉम्प्युटरला पाठवतो. तिथून पुढचं आमचं: गाडी नंबर, नाव, गाव, माल, भरल्या गाडीचं वजन, खाली गाडीचं वजन, पावती. कळमन्याच्या बाजाराजवळचा हा खाजगी काटा आमचं जुनं गिऱ्हाईक. मृग बहाराची संत्री निघायला लागली की काटोल-नरखेडकडच्या गाड्यांची रांग लागते आणि दहा मिनिटं काटा बंद पडला तरी मागच्या हॉर्नमुळे फोनवर बोलणंही ऐकू येत नाही.

'अटकतो' म्हणजे नेमकं काय, हे समजायला मला दोन दिवस लागले. इंडिकेटरवरचा आकडा व्यवस्थित हलत असतो, पण कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर मागचंच वजन चिकटून बसतं. माऊस फिरतो, बटण दाबलं जात नाही. मग काका कॉम्प्युटरचं बटण पाच सेकंद दाबून धरायचे, पुन्हा चालू करायचे, आणि काम सुरू. त्यांच्या लेखी ती दुरुस्ती. माझ्या लेखी पंचनामा व्हायच्या आधी जागा धुऊन काढणं.

बुधवारपर्यंत चार वेळा झालं. केबल बदलली, यूपीएस बदलला, उन्हाला नावं ठेवून झाली. शेवटी मी म्हटलं, "आता अटकला की हात लावू नका, मी येऊन बसते." गुरुवारी लॅपटॉप, आमचा ज्युनिअर आणि पाण्याची दोन लिटरची बाटली घेऊन काट्यावरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये जाऊन बसले.

पावणेबाराला अटकला.

बाहेर संत्र्याचा ट्रक काट्यावर, त्यामागे अजून सहा. मी टर्मिनल उघडून चालू प्रोग्रॅमला जीडीबी हा डीबगर, म्हणजे प्रोग्रॅम थांबवून आत डोकावायचं साधन, जोडायला गेले, तर परवानगी नाही. लिनक्सच्या बऱ्याच वितरणांत असा नियम असतो की साध्या वापरकर्त्याला फक्त स्वतःच्या पोटच्या प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रॅमला, डीबगर लावता येतो, शेजारच्या प्रोसेसला नाही. नियम चांगलाच आहे, नाहीतर कुणीही कुणाच्याही मेमरीत डोकावेल. सुडो लावून, म्हणजे मशीनच्या मालकाचे अधिकार घेऊन, पुन्हा जोडला.

जोडल्याबरोबर जीडीबी त्या प्रोसेसचे सगळे थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, थांबवतो. आमच्या प्रोग्रॅममध्ये सहा आहेत: स्क्रीन सांभाळणारा मुख्य थ्रेड, वजन वाचणारा, कॅमेऱ्याचा, प्रिंटरचा, डेटाबेसचा आणि रात्री हिशेब वर पाठवणारा. सहा जण काम करतात, पण मेमरी सगळ्यांची एकच. एकाने ठेवलेलं वजन दुसरा त्याच क्षणी बदलायला लागला तर अर्धं जुनं अर्धं नवं वाचलं जाईल, म्हणून सामाईक जागेला म्युटेक्स, म्हणजे कुलूप. ज्याला वजनाला हात लावायचा त्याने आधी कुलूप घ्यायचं, काम झालं की सोडायचं.

'इन्फो थ्रेड्स' दिलं. सहा ओळी आल्या, नावांसकट. (ही नावं मी एकदा हौसेने मराठीत ठेवायला गेले होते. लिनक्स थ्रेडच्या नावाला १५ बाइट देतो, मराठीचं एक अक्षर तीन बाइट खातं, म्हणजे पाच अक्षरांत नाव उरकायचं. 'वजन' बसलं, 'डेटाबेस' बसेना. शेवटी इंग्रजीतच ठेवली. हा हिशेब तेव्हा मला पाठ होता, हे लक्षात ठेवा.)

मग 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी', म्हणजे प्रत्येक थ्रेड आत्ता कुठल्या फंक्शनमध्ये आहे आणि तिथवर कुठून आला याची साखळी. चार जण आपापल्या जागी निवांत होते. वजनाचा थ्रेड आणि स्क्रीनचा थ्रेड मात्र एकाच ठिकाणी: म्युटेक्स मागतायत, मिळत नाही, कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, झोपलेत. दोघंही एकाच कुलपापाशी.

"डेडलॉक," ज्युनिअर खूश होऊन म्हणाला. कॉलेजात शिकवलेलं पहिल्यांदा प्रत्यक्षात दिसलं की असा आनंद होतो.

पण दोघांच्या डेडलॉकला दोन कुलपं लागतात. हा माझ्या किल्लीची वाट बघतोय, मी त्याच्या. इथे कुलूप एकच आणि वाट बघणारे दोघं. मग किल्ली कुणाकडे? म्युटेक्सच्या पोटात ते लिहिलेलं असतं. इंटेल-एएमडीच्या ६४-बिट लिनक्सवर हा ४० बाइटचा ठोकळा. पहिले चार बाइट कुलपाची स्थिती: शून्य म्हणजे उघडं, एक म्हणजे लावलेलं, दोन म्हणजे लावलेलं आणि बाहेर कुणीतरी ताटकळतंय. थोडं पुढे मालकाचा थ्रेड नंबर. मी तो ठोकळा छापला.

स्थिती दोन. मालक शून्य.

कुलूप लागलेलं आहे, दोघं दारात उभे आहेत, आणि लावणारा कोणीच नाही.

मी त्या दोन आकड्यांकडे बघत बसले आणि बाहेर ट्रकवाल्याने हॉर्नवरून हात काढणं बंद केलं. काकांनी केबिनच्या खिडकीतून विचारलं, "होते का मॅडम?" विचार करायची ती जागा नव्हती. 'जीकोर' देऊन प्रोसेसच्या सगळ्या मेमरीची प्रत फाइलमध्ये उतरवून घेतली. प्रोसेस मरत नाही, नुसता त्याचा फोटो निघतो आणि नंतर ऑफिसात बसून सावकाश बघता येतो. मग एक आगाऊपणा केला. कुलपाच्या स्थितीच्या जागी डीबगरमधून शून्य लिहिलं आणि डिटॅच केलं, म्हणजे डीबगर सोडवून घेतला.

स्क्रीनवरचं वजन हललं.

ज्युनिअरने माझ्याकडे जादूगाराकडे बघावं तसं बघितलं, पण यात जादू नाही. झोपलेला थ्रेड कर्नलला सांगून झोपतो: इथे अजून दोनच लिहिलेलं असेल तर मला झोपव, कुणी हाक मारली की उठव. डीबगरने थांबवलं की ती झोप मोडते आणि सोडताना कर्नल तीच विनंती पुन्हा पहिल्यापासून तपासतो. आता तिथे दोन नाही, शून्य आहे. मग झोपायचं कारणच उरत नाही. थ्रेड बाहेर येतो, कुलूप घेतो, कामाला लागतो. चालू प्रोग्रॅमच्या मेमरीत असं हाताने लिहिणं म्हणजे जेवणाऱ्या माणसाच्या ताटातला पदार्थ बदलण्यासारखं आहे. एरवी मी असं करत नाही आणि कुणाला करूही देत नाही. पण मागे सहा ट्रक होते.

निघताना ज्युनिअर सरळ टर्मिनलची खिडकी बंद करायला गेला, मी हात धरला. आधी डिटॅच झालंय का बघ. चालू प्रोसेसला जोडलेला जीडीबी बंद करताना त्याला सोडून जातो, पण प्रोग्रॅम जीडीबीमधूनच सुरू केला असेल तर जाताना त्याला मारून जातो. कुठला प्रकार आहे हे ज्याला आठवत नाही त्याने दुसऱ्याच्या धंद्याच्या मशीनवर खिडक्या बंद करू नयेत.

गुरुवारची उरलेली दुपार आणि अख्खा शुक्रवार ऑफिसात वाया गेला, आणि ते सगळं माझ्या हुशारीमुळे.

मालक नसलेलं कुलूप म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच कारण आलं: कुणीतरी दोनदा सोडतंय. एकाने घेतलं, दुसऱ्याने न घेताच सोडलं, मधल्या फटीत आकड्यांचा गोंधळ. असे घोटाळे मी पूर्वी पाहिले होते, त्यामुळे हाही तसाच असणार असं ठरवून टाकलं. ज्युनिअरने काट्याची नक्कल करणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली, सेकंदाला दहा वजनं सोडणारी, आणि मी थ्रेडांना एकेक करून चालवायला बसले.

यासाठी जीडीबीत 'शेड्युलर-लॉकिंग' आहे. एरवी तुम्ही एका थ्रेडला एक ओळ पुढे ढकलता तेव्हा बाकीचेही सुटतात आणि तुमची ती एक ओळ होईपर्यंत गावभर फिरून येतात. हे लॉकिंग चालू केलं की फक्त निवडलेला थ्रेड हलतो, बाकी पुतळे. मग वजनाच्या थ्रेडला कुलूप घेण्याच्या बरोबर आधी उभं करा, स्क्रीनच्या थ्रेडला दोन पावलं चालवा, परत वजनाकडे या. जो योगायोग हजारात एकदा घडतो तो हाताने घडवून बघता येतो. मी वहीत रकाने पाडले आणि एकेक क्रम तपासत गेले.

दुपारी तीनला अटकला! मी ओरडलेच. ज्युनिअर धावत आला. अर्धा तास आम्ही साखळ्या वाचल्या, आणि मग त्याने हळूच विचारलं, "ताई, ज्याच्याकडे कुलूप आहे त्याला आपणच थांबवून ठेवलंय ना?" बरोबर होतं. वजनाच्या थ्रेडने कुलूप घेतलेलं, मी त्याला पुतळा केलेला, आणि स्क्रीनच्या थ्रेडला म्हणत होते चल. तो कुठून चालणार? हे या सोयीचं ठरलेलं दुखणं आहे, मॅन्युअल न वाचताही कळायला हवं होतं. मी चहा मागवला.

ॲड्रेस सॅनिटायझर लावून प्रोग्रॅम पुन्हा बनवला. मेमरीच्या हद्दीबाहेर कुणी लिहिलं की हे साधन जागच्या जागी बोंब मारतं. त्याने तोंडातून चकार शब्द काढला नाही. गावाच्या रकान्यात आम्ही 'टेस्ट' लिहीत होतो, कधी 'अबक'. सगळं सुरळीत.

आणि हे सगळं चालू असताना गुरुवारची मेमरीची प्रत माझ्या मशीनवर पडलेली होती. तिच्यात उत्तर होतं. मी शुक्रवारी ती उघडली होती, पावतीचं सगळं स्ट्रक्चर, म्हणजे तिचे रकाने मेमरीत एकत्र ठेवणारा ठोकळा, छापलंही होतं. आमच्या त्या मशीनवर भाषेची मांडणी अगदी साधी ठेवलेली, त्यामुळे गावाच्या रकान्यात मराठीऐवजी जीडीबीने ऑक्टल, म्हणजे आठच्या पायाच्या, आकड्यांची रांग दाखवली: ३४०, २४४, काहीतरी, ३४०, २४४, काहीतरी. मराठी मजकूर बाइटमध्ये असाच दिसतो, हे मला ठाऊक होतं. गावाचं नाव असणार, त्यात काय वाचायचं, म्हणून नजर पुढच्या ओळीवर, म्युटेक्सवर गेली. इंग्रजी नाव असतं तर वाचलं असतं, हे आज कबूल करायला हरकत नाही. आपलीच लिपी आकड्यांत दिसली की आपण तिला कचरा समजून पुढे जातो.

डेटाबेसही तपासला. काटा अटकण्याच्या आधीच्या शेवटच्या नोंदी काढल्या, त्यात काहीच साम्य नव्हतं. असणार कसं? ज्या नोंदीवर अटकतो ती नोंद कधी साठवलीच जात नाही. मुख्य थ्रेड झोपला की साठवणार कोण.

शनिवारी पुन्हा कळमना. या वेळी पाळत ठेवायची ठरवली.

कुलपाच्या स्थितीत शून्य, एक आणि दोन, यापलीकडे काही येणं शक्यच नाही. म्हणजे तिथे चौथा आकडा ज्या क्षणी उमटेल त्या क्षणी चोर जागेवर असेल. माझ्या दोनदा-सोडण्याच्या कल्पनेत असा चौथा आकडा बसत नव्हता. खरं तर ही युक्ती ज्युनिअरची. तो गुरुवारपासून म्हणत होता की कुणीतरी त्या जागेवर नुसतं काहीतरी सांडतंय.

प्रोसेसरमध्ये अशा पाळतीसाठी खास रजिस्टर असतात. १९८५ च्या इंटेलच्या ३८६ चिपपासून आजपर्यंत पत्ते ठेवायला चारच. त्यातल्या एकात मेमरीचा पत्ता ठेवला की त्या जागी कुणी लिहिलं तर प्रोसेसर स्वतःच डीबगरला हाक मारतो. याला हार्डवेअर वॉचपॉइंट म्हणतात. हे न वापरता जीडीबीला नुसतं 'बघत राहा' म्हटलं तर तो प्रोग्रॅमची एकेक सूचना चालवून दर वेळी तपासतो; काटा मग दुसऱ्या दिवशी वजन सांगेल, आणि बाकीच्या थ्रेडांनी काय केलं ते तर सुटूनच जाईल. हार्डवेअरचा वॉचपॉइंट मात्र सगळ्या थ्रेडांवर नजर ठेवतो.

पत्ता दर वेळी नवा. प्रोग्रॅम सुरू होताना लिनक्स मेमरीची मांडणी मुद्दाम पिसून घेतो, त्यामुळे गुरुवारचा पत्ता शनिवारी कामाचा नाही. आधी पावतीच्या स्ट्रक्चरचा पॉइंटर, म्हणजे त्याचा मेमरीतला पत्ता, शोधला, मग त्यातल्या कुलपाच्या जागेवर वॉचपॉइंट लावला. लावताना 'लोकेशन'चा पर्याय दिला, नाहीतर फंक्शन संपलं की जीडीबी त्या नावाबरोबर पाळतही गुंडाळतो. अट घातली: किंमत दोनहून मोठी झाली तरच थांब. आणि जोडण्याच्या आधी 'नॉन-स्टॉप' चालू केलं, म्हणजे पकडला गेलेला थ्रेड तेवढा थांबेल, बाकीचे चालू राहतील. निदान आधीच्या गाडीची पावती प्रिंटरमध्ये अर्धी अडकून बसायची नाही.

प्रत्येक कुलूप-उघडझापीला प्रोसेसर डीबगरला हाक मारणार, तो अट तपासून परत जाणार. सेकंदाला दहा-वीस वेळा. पडद्यावर काही फरक जाणवला नाही.

मग वाट बघणं. काकांनी पंखा आमच्याकडे वळवला. कॉम्प्युटरवर त्यांची पुतणी बसली होती, बी.कॉम. करते, आधीचा माणूस सोडून गेल्यापासून जानेवारीपासून तीच सगळं बघते. आधीचा माणूस नावं इंग्रजी अक्षरांत लिहायचा, हिला मराठी टायपिंग येतं म्हणून ती मराठीत लिहायला लागली. "पावती शेतकऱ्यालाच वाचायची असते ना ताई," ती म्हणाली. एकाच नावाची गावं दोन-दोन तालुक्यांत असतात, म्हणून तालुकाही घालते. मी मान डोलावली. एवढं ऐकूनही माझ्या डोक्यात दिवा लागला नाही.

सावरगावची गाडी आली, गेली. मोवाडची आली, गेली. कोंढाळीची. एक वाजायला आला. ज्युनिअर म्हणाला, "काका, आज जलालखेड्याची नाही का?"

"येऊनच राह्यली. फोन झाला माझा."

दीड वाजता आली. पुतणीने गाडी नंबर टाकला, नाव टाकलं, गाव टाकलं, एंटर दाबलं, आणि माझ्या लॅपटॉपवर जीडीबी बोलला. जुनी किंमत शून्य. नवी किंमत १६१.

पकडलेला थ्रेड वजनाचा नव्हता. ज्याच्यावर मी दोन दिवस संशय घेत होते त्या सोडणाऱ्या ओळींपैकी एकीशीही त्याचा संबंध नव्हता. मुख्य थ्रेड होता, आणि उभा होता स्ट्रकॉपीमध्ये, म्हणजे एका जागेचा मजकूर दुसऱ्या जागी उतरवणाऱ्या सी भाषेच्या जुन्या फंक्शनमध्ये. त्याला बोलावणारी ओळ: गावाचं नाव पावतीत भरा.

मी पावतीच्या गावाच्या रकान्यापासून ५० बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांत, छापले. ई० ए४ ९सी, ई० ए४ बी२, ई० ए४ बीई. या वेळी वाचले. युनिकोडमधलं मराठीचं प्रत्येक चिन्ह, अक्षर असो की काना-मात्रा, यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे चिन्हं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत, तीन बाइटचं, आणि सुरुवात कायम ई० ए४ किंवा ई० ए५. पहिले तीन 'ज', पुढचे 'ल', मग काना. वहीच्या पानावर मी उभा हिशेब मांडला. जलालखेडा, आठ चिन्हं, २४ बाइट. स्वल्पविराम आणि जागा, दोन. 'ता' आणि टिंब, सात. जागा, एक. नरखेड, पाच चिन्हं, १५. बेरीज ४९, आणि मजकूर संपल्याची खूण असलेलं शून्य धरून ५०.

रकाना ४८ बाइटचा. त्याला लागूनच पुढे म्युटेक्स.

स्क्रीनवरच्या चौकटीत २४ अक्षरांची मर्यादा होती. ज्या वर्षी हे लिहिलं त्या वर्षी मी म्हटलं असणार, २४ ची दुप्पट ४८, भरपूर झालं. हो, मीच. ही ओळ कुणी लिहिली ते शोधायचीही गरज नव्हती, तेव्हा कंपनीत दुसरं कुणी नव्हतंच. १५ बाइटच्या थ्रेडनावात मराठी बसत नाही म्हणून चिडलेली तीच बाई. इंग्रजी अक्षरांत हेच गाव-तालुका २३ बाइटमध्ये बसतं, म्हणून इतकी वर्षं काही झालं नाही. सावरगाव, ता. नरखेड शून्यासकट ४७. एका बाइटने वाचलं. मोवाडला तर ऐसपैस जागा. नेहमीच्या गाड्यांमध्ये जलालखेडाच तेवढं दोन बाइट बाहेर सांडत होतं.

आणि सांडत काय होतं? शेवटचा 'ड'. ई० ए४ ए१. पहिले दोन बाइट रकान्यात बसले, तिसरा, ए१, म्युटेक्सच्या पहिल्या बाइटवर. हेक्समधला ए१ म्हणजे १६१. त्यामागचं शून्य पुढच्या बाइटवर, तिथे आधीही शून्यच होतं. त्यानंतर जो कुलूप मागायला येतो त्याला स्थिती शून्य दिसत नाही. म्हणजे कुणीतरी घेतलंय, असं समजून तो तिथे दोन लिहितो, 'बाहेर माणूस उभा आहे' अशा अर्थाने, आणि झोपतो. १६१ पुसला जातो. म्हणून गुरुवारी मला फक्त दोन दिसला आणि मालक शून्य. कुलूप कुणी लावलंच नव्हतं, त्यावर नरखेडचा ड सांडला होता.

क्वचित जलालखेड्याची गाडी बिनधोक जायची, त्याचंही उत्तर मिळालं. ड सांडला त्याच क्षणी वजनाच्या थ्रेडने कुलूप घेतलेलं असेल, तर सोडताना तो तिथे शून्यच लिहितो आणि जखम आपोआप भरून येते. सॅनिटायझर गप्प का, हे तर अगदी साधं. रकाना आणि म्युटेक्स एकाच स्ट्रक्चरमधले. घरातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाणी गेलं तर तो बोलत नाही, घराबाहेर गेलं तरच बोलतो. कंपायलरची स्वतःची राखणही चुकली होती, कारण स्ट्रकॉपीपर्यंत नुसता पॉइंटर पोचत होता, ४८ हा आकडा वाटेतच गळला होता.

कायमचा इलाज सोमवारी केला. ठरावीक मापाचा रकाना काढून टाकला, नाव लागेल तेवढी जागा घेईल अशी सोय केली. पावतीच्या कागदावर जिथे कापणं भाग आहे तिथे बाइटवर न कापता चिन्ह संपेल तिथे कापायचं. यूटीएफ-८ मध्ये ते ओळखणं सोपं आहे: मधला बाइट कायम ८० ते बीएफ या टप्प्यातच असतो, त्यावर कधी कात्री चालवायची नाही. १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी हे असं मांडून ठेवलं म्हणून, नाहीतर अर्धा ड छापला गेला असता. तरी काना-मात्रा तुटू शकतात, त्यासाठी अजून एक तपासणी टाकली. मग ज्युनिअरने सगळ्या कोडमध्ये स्ट्रकॉपी शोधली. अकरा ठिकाणी होती. मी नऊ म्हटलं होतं.

पण त्या दुपारी ट्रक काट्यावर उभा होता आणि मागे रांग होती. मी 'फिनिश' देऊन स्ट्रकॉपीतून बाहेर आले, कुलपाच्या जागी शून्य लिहिलं. नाव हद्दीत आणायला ड सुरू होतो त्या बाइटवरही शून्य ठेवलं आणि प्रोग्रॅम सोडला. वजन हललं, पुतणीने बटण दाबलं, प्रिंटर करकरला.

"काका, तुम्ही म्हणत होता ते बरोबर होतं," मी म्हटलं. "जलालखेड्यामुळेच."

"मी तं पहिल्या दिवसापासून सांगूनच राह्यलो होतो जी." त्यांनी पावती फाडून चष्मा वर केला, डोळ्यांजवळ धरली. "पण हे नरखे काय आहे? ड कुठं गेला?"

"आज तेवढा चालवून घ्या. सोमवारी देते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, खिशातून बॉलपेन काढलं, 'नरखे'पुढे ठळक ड लिहिला, शिक्का मारला आणि खिडकीतून पावती ड्रायव्हरला दिली.